लवकर अर्ज आणि बेताची मिळकत : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि घाईने उत्तर देऊ नये म्हणून आठवडाभर थांबलो. बेताच्या मिळकतीच्या घरातील मुलांनी अमेरिकेतील नामांकित कॉलेजांकडे नोव्हेंबरमध्येच, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी, अर्ज करावा, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की ही सोय मुळात सधनांची आहे आणि हातात एकाच कॉलेजचे मदतपत्र (किती आर्थिक मदत मिळेल हे सांगणारे पत्र) आले तर गरीब घराला तुलना करायला काही उरतच नाही.

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 मध्ये लवकर प्रवेशाची पद्धत बंद करण्याचे ठरवले ते याच कारणासाठी. आधीच पुढे असलेल्यांना ती आणखी पुढे नेते, असे हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष डेरेक बॉक यांनी उघडपणे सांगितले होते. पण बहुतेक कॉलेजांनी त्यांचे अनुकरण केले नाही आणि 2011 मध्ये या दोघांनीही माघार घेतली. पद्धत अन्यायाची आहे म्हणून आपल्या मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असे ठरवले तर त्या जागा सधन घरांकडेच जातील.

दुसऱ्या भागात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. 'अर्ली ॲक्शन' या बंधन नसलेल्या लवकर अर्जात डिसेंबरात होकार आला तरी 1 मेपर्यंत इतर कॉलेजांच्या मदतपत्रांशी तुलना करता येते. प्रिन्स्टनचा लवकर अर्ज याच प्रकारचा, फक्त इतर खासगी कॉलेजांकडे त्याच वेळी लवकर अर्ज करण्यावर तिथे निर्बंध आहे. आपला आक्षेप लागू पडतो तो 'अर्ली डिसिजन'ला, कारण तिथे प्रवेश मिळाल्यास त्याच कॉलेजात जाण्याच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेतील समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात. तरीही मिळालेल्या मदतीत शिकणे परवडत नसेल तर त्या करारातून मोकळे होता येते, हे 'कॉमन ॲप' या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जाच्या करारातच लिहिलेले आहे. खरी अडचण वेळेची असते. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि नेहमीच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या दिवसांत संपते, म्हणून बाकीचे अर्ज आधीच लिहून तयार नसतील तर ती मोकळीक कागदावरच राहते.

'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'वर, म्हणजे मदत वजा जाता घराला किती खर्च येईल याचा अंदाज देणाऱ्या कॉलेजच्या संकेतस्थळावरील साधनावर, विसंबू नये असे जे आपण लिहिले आहे, ते मात्र मला लागले, कारण ते खरे आहे. गेल्या वर्षी न्यू जर्सीतील एका मराठी कुटुंबाबरोबर मी त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर हा हिशेब करायला बसलो होतो. वडील ॲपवर टॅक्सी चालवतात. मुलीने 1099 फॉर्मवरचा (टॅक्सी कंपनीकडून करासाठी मिळणाऱ्या कागदावरचा) आकडा उत्पन्न म्हणून भरला आणि समोर आलेला वार्षिक खर्च पाहून आईने काही न बोलता टेबलावरचे कागद गोळा करायला सुरुवात केली. तो आकडा प्रवाशांनी मोजलेल्या एकूण भाड्याचा होता. त्यातून कंपनीचे कमिशन, पेट्रोल, विमा आणि गाडीची दुरुस्ती वजा व्हायची होती. मग टॅक्स रिटर्नमधील शेड्यूल सीच्या (स्वतःच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवणाऱ्या भागाच्या) 31व्या ओळीतला निव्वळ नफा घातला, तेव्हा खर्च निम्म्याहूनही खाली आला. पण हाही आकडा अंतिम मानता येत नाही, कारण गाडीवर दाखवलेला घसारा अनेक कॉलेजे पुन्हा उत्पन्नात मिळवतात. पगारदार घराला कॅल्क्युलेटर बऱ्यापैकी खरे उत्तर देतो; टॅक्सी, दुकान किंवा घरगुती डबे यांवर चालणाऱ्या घराला देईलच असे नाही. अशा घराने सही करण्यापूर्वी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला रिटर्न पाठवून अंदाज मागावा आणि तो लेखी मिळत नसेल तर 'अर्ली डिसिजन' टाळावे. हे माझ्या लेखात असायला हवे होते.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या मुलांबद्दल आपण विचारले आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी आणि नंतर पूर्ण गरज भागवणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारखी कॉलेजे मोजकीच आहेत. इतरत्र मदतीची मागणी प्रवेशाच्या निर्णयातच धरली जाते, त्यामुळे तिथे लवकर अर्जाचा फायदा गृहीत धरू नये.

मूळ लेखातील 'निर्धास्तपणे सही करा' हे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि त्या जागी शेड्यूल सीबद्दलचा परिच्छेद घातला आहे.