पाऊणपट करणारा 'ढ'

'मी शिकू शकतो' असं मानणारी मुलं पुढे जातात, हा लेखातला मुद्दा पटला. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांतही 'हुशार आहेस' म्हणून कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांनंतर लवकर कच खात होती.

आमच्या कोकणात, हर्णैकडे शेजारचा पोरगा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतो. चतुर्थी? तीन वाजता. होडीचं इंजिनही खोलून परत बसवतो. आणि गणिताच्या तासाला हाच मागच्या बाकावर 'ढ'! घरातही तेच, 'आपल्याला सायन्स झेपायचं नाय.' (दहावीच्या निकालात कोकण मंडळ वरचढ असतं, त्याचं काय?)

पण २०१९ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात 'मी शिकू शकतो' या शिकवणीने गुण वाढले ते थोडेच, आणि मागे पडलेल्या मुलांचे. गणिताला शिक्षकच नसेल तर नुसती धारणा काय चाटायची?