‘सेल गिळला? केळं द्या’ हा मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री आईने मला हा मेसेज पाठवला. वर ‘लहान मुलांच्या आयांनी जपून ठेवा’. तिने तो वहिनीलाही पाठवलाय आणि माझा भाचा सव्वा वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. म्हणून हे तातडीने लिहितेय.

मेसेज म्हणतो: मुलाने बटण सेल (रिमोट-वजनकाट्यातला नाण्यासारखा चपटा सेल) गिळला तर घाबरू नका, दोन केळी चारा, शीवाटे पडून जाईल. संपलेल्या सेलने काही होत नाही. मध चाटवा. रॉकेल प्यायलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढा, भाजलं तर टूथपेस्ट लावा.

अहो, सेल म्हणजे चिंचोका नव्हे! २०३२ नंबरचा सेल २० मिलिमीटर रुंद असतो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला तेवढा पुरतो. अडकला की आतल्या ओलाव्यातून करंट वाहतो आणि सेलच्या निगेटिव्ह बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं रसायन तयार होतं. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजू शकते. केळ्याने सेल खाली सरकत नाही. उलट पोट भरलेलं असलं की दुर्बिणीने सेल काढताना भूल देण्यात धोका वाढतो.

म्हणे ‘संपलेल्या सेलने काही होत नाही’. आमच्या वजनकाट्यातला संपलेला सेल मी आज चिकनच्या तुकड्यावर दाबून ठेवला. दोन तासांनी उचलला तर खाली फेस आणि काळा पडलेला गोल डाग.

मधाचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या सूचनेनुसार सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि मूल वर्षाच्या वरचं असेल, तर दर १० मिनिटांनी २ छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. पण तो हॉस्पिटलच्या वाटेवर! मधासाठी थांबायचं नाही, एक्स-रे लगेच काढायचा. मूल हसत-खेळत असलं तरीही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

मीठ-पाणी पाजून उलटी काढणं? कधीच नाही. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी झाली तर ते फुप्फुसात जातं. भाजल्यावर टूथपेस्टही नको, २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा.

घरातले रिमोट, वजनकाटे, गाणारी ग्रीटिंग कार्डं आजच तपासा. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू वर ठेवा. आई संपलेले सेल फ्रिजवरच्या वाटीत टाकते. सकाळी फोनवर तिला ती वाटी रिकामी करायला लावली. चार निघाले.