भाचीला बर्न्स वॉर्डच हवा आहे

माझी भाची गोव्यात बांबोळीला बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणेश चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या तळता तळता तिने सांगितलं, "मावशी, मला बर्न्समध्येच काम करायचंय." ताई एकदम भडकली. "दुसरा वॉर्ड मिळत नाही का तुला? तो वास, त्या किंकाळ्या! आणि उद्या स्थळ आलं की काय सांगायचं?" सणाच्या घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. ते चुकलं माझं.

मी नर्स म्हणून अकरा वर्षं बर्न्समध्ये, म्हणजे भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली. मला तिथे टाकलं होतं ते रजेवरून वरिष्ठांशी खटका उडाला म्हणून. बर्न्सची ड्युटी म्हणजे शिक्षा, हा समज आम्हा नर्सिंगवाल्यांमध्येच आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. जिथे सगळ्यात मुरलेले हात हवेत तिथे नाराज माणसं पाठवायची, आणि ती जरा शिकली की बदली!

पहिल्या चोवीस तासांत सलाईनच्या हिशेबावर जीव असतो. वजन गुणिले भाजलेल्या अंगाची टक्केवारी गुणिले ४ मिलिलिटर. एक अख्खा हात ९ टक्के, एक पाय १८. साठ किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर सात लिटरच्या वर जातं, आणि त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यायचं. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, वॉर्डात आल्यापासून नव्हे. काणकोणहून यायला दीड तास गेला, तर तो त्यातून वजा. मग दर तासाला लघवी मोजायची. ती कमी पडतेय हे रात्री तीन वाजता आधी कळतं ते सिस्टरला.

मान भाजलेल्या रुग्णाला घरचे मायेने उशी आणून देतात. ती आम्ही काढून घेतो, त्यांना राग येतो. पण उशीमुळे मान पुढे झुकते, जखम तशीच भरते आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. बोटंही एकेक सुटी गुंडाळावी लागतात, नाहीतर भरताना एकमेकांना चिकटतात.

न्हाणीतल्या कढत पाण्याच्या हंड्यात हात गेलेली चार वर्षांची एक पोर होती. वेदनेचं औषध देऊन, ते लागू होईपर्यंत थांबून, मी सलाईनच्या पाण्याने पट्टी भिजवायचे. आतला थर सुटायला वेळ लागतो, ओढला की नवी कातडी निघून येते. ती विचारायची, "सिस्टर, सुटली?" मी म्हणायचे, "अजून नाही गो." एका हाताला पाऊण तास लागायचा. हे काम घाईचं नाही, आणि ते नाखुशीने करणाऱ्याच्या हाती देऊच नये.

(घरात कोणी भाजलं तर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको.)

स्वतःहून बर्न्स मागणारी मुलगी मी इतक्या वर्षांत दुसरी पाहिली नाही. तिला रडूही येईल, रात्री जेवण जाणार नाही, माझंही तसंच व्हायचं. त्यासाठी तिला घरी ऐकून घेणारं कोणीतरी लागेल, ताई, आणि ते तू असावंस असं मला मनापासून वाटतं. रविवारी मी फोंड्याला येतेय. भांडायचं तर भांडू, पण तिला समोर बसवून.