"आयडलमधून उठलं की रजिस्टर आपोआप जागेवर येतात" म्हणे

सध्या एक दावा जोरात फिरतोय आणि लोक न तपासता पुढे ढकलतायत. थोडक्यात असा: सीपीयू आयडलमध्ये (काम नसताना वीज वाचवायला घेतलेली झोप) जाऊन परत आला की रजिस्टर (सीपीयूच्या आतले छोटे कप्पे) सांभाळणं हे हार्डवेअरचं काम, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, इथे लिनक्सचा) मेमरी प्रोटेक्शनची, म्हणजे कोणत्या मेमरीला हात लावायचा नाही ते ठरवणारी, रजिस्टर परत भरत बसणं म्हणजे फुकटची हौस. काही हरवलंच तर मशीन लगेच क्रॅश होईल, शिवाय कॉन्टेक्स्ट स्विचला (सीपीयू एका थ्रेडवरून, म्हणजे चालू कामावरून, दुसऱ्यावर जातो तेव्हा) ती लिहिली जातातच, आणि या सगळ्यात आयडलमधून बाहेर यायला उशीर होतो तो वेगळाच.

पहिला मुद्दा, हार्डवेअर सांभाळतं. हे ज्याने लिहिलं त्याने बहुधा फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडीचे सीपीयू) बघितलंय, आणि तिथे बरंचसं खरंही आहे. इंटेलच्या सी६ या खोल आयडल स्टेटमध्ये कोर स्वतःची स्टेट (रजिस्टरमधलं सगळं) एका वेगळ्या एसरॅम मेमरीत ठेवतो आणि उठताना परत घेतो, म्हणून स्मेप-स्मॅपचे (कर्नलला यूजरस्पेसच्या, म्हणजे साध्या प्रोग्रामच्या, मेमरीपासून अडवणारे) बिट ज्या सीआर४ रजिस्टरमध्ये असतात ते कर्नलला पुन्हा लिहावं लागत नाही (एस३ सस्पेंडला, म्हणजे अख्खं मशीन झोपवताना, मात्र तिथेही कर्नलच लिहितो, हे सोयीस्करपणे गाळलंय). आयबीएमच्या पॉवर९ सीपीयूवर असं नाही. तिथे झोपवणारी स्टॉप इन्स्ट्रक्शन देताना ईसी (कशाने उठायचं) आणि ईएसएल (स्टेट गेली तर चालेल का) हे दोन्ही बिट शून्य असतील तर काही जात नाही, पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून काम चालू. ईएसएल एक असेल तर सीपीयू उठतो तो थेट सिस्टम रिसेटच्या व्हेक्टरवर, म्हणजे हेक्स १०० या ठरलेल्या पत्त्यावर, आणि एसआरआर१ रजिस्टरमध्ये लिहून देतो की स्टेट गेलीय की शाबूत आहे. आता हार्डवेअर स्वतःच सांगतंय की गेली, तर भरायची कोणी?

क्रॅश होईल, कळेलच, हा मुद्दा सगळ्यात घातक आहे कारण ऐकायला अगदी पटतो. पेज टेबलचा (मेमरीच्या नकाशाचा) पत्ता ठेवणारं रजिस्टर गेलं तर मशीन जागच्या जागी आडवं होईल, मान्य. पण एएमआर आणि आयएएमआर ही नाही म्हणणारी रजिस्टर आहेत. एएमआर ६४ बिटांचं, ३२ की (keys, मेमरीच्या पानांना लावायचे क्रमांक), प्रत्येकीला दोन बिट, एक रीडला एक राइटला, आणि बिट एक असेल तरच बंदी, आयएएमआर मध्ये तीच गोष्ट एक्झिक्यूटसाठी. म्हणजे बंदीचा बिट पुसला गेला तर काही बिघडत नाही, उलट सगळं जास्तच सुरळीत चालतं, जे अडायला हवं होतं तेही! फॉल्ट (सीपीयूने अडवल्याची सूचना) येत नाही, लॉगमध्ये ओळ नाही, कोणाला काही कळत नाही. २०१९ मध्ये आयएएमआर रिस्टोर करणारा जो पॅच आला त्याच्या कमिट मेसेजमध्ये हेच आहे: रेडिक्स एमएमयू (मेमरीचे पत्ते शोधायची एक पद्धत, दुसरी हॅश) असलेल्या पॉवर९ वर आयडलनंतर एक्झिक्यूशनची बंदी निघून जाते आणि कर्नल यूजरस्पेसमधला कोड खुशाल चालवू शकतो. एएमआर, आणि त्यातले कोणते बिट बदलता येतील ते ठरवणारी यूएएमओआर आणि एएमओआर, या तिघांचं सेव्ह-रिस्टोर लिनक्स ५.२ च्या आधीच्या कर्नलच्या आयडल कोडमध्ये नव्हतं म्हणून सीव्हीई-२०२०-११६६९ (सुरक्षेतल्या त्रुटीचा जाहीर नंबर) नोंदला गेला. हौसेला कोणी सीव्हीई नंबर देत नाही.

बरं, कॉन्टेक्स्ट स्विच. रेडिक्सवर त्या काळच्या कोडमध्ये आयएएमआर बूटच्या वेळी प्रत्येक सीपीयूवर एकदा लिहिलं जायचं, संपलं, स्विचचा त्याच्याशी संबंधच नाही. हॅश एमएमयूवर प्रोटेक्शन कीसाठी स्विचला लिहायचे, पण तो कोड नीट वाचा: जुन्या थ्रेडची साठवलेली व्हॅल्यू आणि नव्याची व्हॅल्यू वेगळी असेल तरच रजिस्टरला हात लावतो. रजिस्टरमध्ये खरं काय आहे ते तो बघतच नाही, दोन्ही थ्रेडची व्हॅल्यू सारखी असली की लिहायचं टाळतो, आणि आयडलने मधल्यामध्ये पुसलेलं तसंच राहतं.

स्पीडचं रडगाणं एका वाक्यात संपतं: हे रिस्टोर स्टेट गेली असेल तेव्हाच होतं, आणि त्या खोल स्टेटमधून उठायलाच जो वेळ जातो त्यापुढे तीन-चार एमटीएसपीआर (रजिस्टर लिहिणाऱ्या) इन्स्ट्रक्शन म्हणजे काहीच नाही. त्यातही वाचवलंय, पुढे एमटीएमएसआरडी इन्स्ट्रक्शन येणारच आहे आणि ती सिंक्रोनाइझ करते (आधीचं लिहिणं पूर्ण करून घेते) म्हणून त्यासाठीची वेगळी आयसिंक इन्स्ट्रक्शन टाकलेली नाही, तशी कॉमेंटच आहे कोडमध्ये.

आणि हे फक्त पॉवरचं खूळ आहे असंही नाही. एआरएम६४ (एआरएमचे ६४ बिट सीपीयू) मध्ये सस्पेंडमधून परत येण्याच्या फंक्शनमध्ये पॅन (कर्नलला यूजरस्पेसची मेमरी वाचू-लिहू न देणारा बिट) पुन्हा चालू करतात, कारण तो ज्यात असतो ते पीस्टेट सेव्ह झालेलं नसतं, आणि सीपीयूची पॉवर काढणाऱ्या आयडल स्टेट याच वाटेने परत येतात.

राहिलं "आमच्याकडे टेस्ट केली, प्रोटेक्शन चालू होतं". केली असेल. एलकेडीटीएममध्ये (कर्नल मुद्दाम अडचणीत आणून तपासायचं लिनक्सचं मॉड्यूल) कर्नलकडून यूजरस्पेसचा कोड चालवून बघायची टेस्ट आहे, ती पॅच नसलेल्या कर्नलवर नेहमीसारखं बूट करून चालवली तर फॉल्ट येत नाही आणि पॉवरसेव्ह ऑफ करून (म्हणजे आयडलची खोल झोप बंद ठेवून) बूट केलं की येतो, कर्नल तोच, मशीन तेच. तेव्हा आधी कमांडलाइन बघा कशाने बूट केलंत ते, मग बोलू.