दिमिष्काचा ढिगारा आणि यशयाचा 17वा अध्याय

सीरियात संघर्ष पेटला की एक दावा नव्याने फिरू लागतो. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात 17व्या अध्यायाच्या आरंभी दिमिष्क, म्हणजे आजचे दमास्कस, नगर न राहता ढिगारा होईल असे म्हटले आहे. ते नगर आजवर कधीच नाहीसे झाले नाही. म्हणून ही भविष्यवाणी अपुरी असून आपल्या काळात पूर्ण होत आहे, असा हा युक्तिवाद आहे. तो टिकणारा नाही.

पहिले वचन सांगणारे तिसऱ्या वचनापर्यंत जातच नाहीत. तेथे एफ्राइमची तटबंदी आणि दिमिष्काचे राज्य यांचा अंत एका दमात सांगितला आहे आणि पुढच्याच वचनात याकोबाचे वैभव क्षीण होईल असे म्हटले आहे. एफ्राइम म्हणजे शोमरोन राजधानी असलेले उत्तरेकडील इस्राएलचे राज्य. इ.स.पू. 734च्या सुमारास त्याचा राजा पेकह आणि दिमिष्काचा राजा रसीन यांनी एकत्र येऊन यहूदा या दक्षिणेकडील राज्यावर चढाई केली. तेथील राजा आहाज याला हटवून आपल्या सोयीचा राजा यरुशलेमेत बसवण्याचा त्यांचा डाव होता. सातवा आणि आठवा अध्याय याच संकटाविषयी आहेत. आठव्यात तर मुदतही दिली आहे: नुकते जन्मलेले बाळ ‘बाबा’, ‘आई’ म्हणू लागण्यापूर्वी दिमिष्काची संपत्ती आणि शोमरोनची लूट अश्शूरचा राजा नेईल. ज्या वाणीचा संदर्भ इतका जवळचा आहे, तिला सत्तावीस शतके पुढे ढकलण्याचे कारण दाव्यात कोठेही दिलेले नाही.

ती वाणी अपुरी राहिली हेही खरे नाही. इ.स.पू. 732 मध्ये अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने दिमिष्क घेतले. बायबलमधील 2 राजे या ग्रंथाच्या 16:9 नुसार त्याने रसीनला ठार केले आणि लोकांना कीर येथे हद्दपार केले. दिमिष्काचे अरामी राज्य संपून तो प्रदेश अश्शूरचा प्रांत झाला. दहा-अकरा वर्षांत शोमरोनही पडले.

यावर आक्षेप येतो की नगर तर उरलेच. परंतु त्या काळी पराभवाचे वर्णन कसे केले जाई, हे विजेत्याच्याच शिलालेखांत पाहायला मिळते: दिमिष्काच्या 16 जिल्ह्यांतील 591 नगरे आपण महापुरानंतरच्या ढिगाऱ्यांसारखी केली, असे तिग्लथ-पिलेसर सांगतो. एकेक वीट मोजून केलेली ही नोंद नव्हे. सत्ता समूळ मोडल्याची ती भाषा आहे. राजांच्या ग्रंथाचा लेखकही त्याच अध्यायात, दिमिष्क पडल्यानंतर लगेच, आहाज तेथे अश्शूरच्या राजाला भेटायला गेला आणि तेथील वेदीचा नमुना घेऊन आला, असे निःसंकोच लिहितो. पुढे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 27व्या अध्यायात दिमिष्क सोर या बंदराच्या नगराशी द्राक्षारसाचा व्यापार करताना दिसते. ही वाणी जतन करणाऱ्यांना नगर उभे असल्याची अडचण कधी वाटली नाही.

राहिला वर्तमानाचा प्रश्न. दमास्कसलगतच्या पूर्व घूता आणि यार्मूक येथील विध्वंस भीषण होता, पण डिसेंबर 2024 मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद यांची सत्ता गेली तेव्हा दमास्कस उद्ध्वस्त न होता हस्तांतरित झाले. लाखो लोक तेथे राहतात, प्रेषित पौलाच्या काळापासूनची ख्रिस्ती परंपरा तेथे आजही जिवंत आहे, आणि त्यांच्या मरणाची वाट पाहण्याचा अधिकार हा अध्याय कोणालाही देत नाही. सातव्यापासून अकराव्या वचनापर्यंतचा त्याचा रोख तर स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वेद्यांवर भरवसा ठेवून तारणाऱ्या देवाला विसरलेल्या इस्राएलावर आहे.