दुष्काळाची बिलं गावाला दाखवा

भूकंप सांगून येत नाही. दुष्काळ मात्र चांगला चार-पाच महिने आधी सांगून येतो. सप्टेंबर संपता संपता नजर पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज, तयार असते, धरणातला साठा रोज पेपरात छापून येतो, विहिरीने तळ गाठलेला बाईमाणसाला कुठल्याही अहवालाआधी कळतो. 2018 साली तर सरकारनेच 31 ऑक्टोबरला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. तरीही टँकर आणि चारा छावण्यांची खरी धावपळ सुरू झाली ती ऊन तापल्यावर. आणि एकदा का कागदावर ‘तातडीची बाब’ असा शेरा पडला, की दर कुणी ठरवला, काम कुणाला दिलं, माल किती आला, हे विचारणारा माणूस गावाचा वैरी ठरतो. मला चीड येते ती याची.

टँकरचंच बघा. माणशी रोज 20 लिटर हा टंचाईतला निकष. दोन हजार वस्तीच्या गावाला चाळीस हजार लिटर, म्हणजे बारा हजारी टँकरच्या तीन-चार खेपा. पाणी सोडतात विहिरीत. विहिरीत पडलेलं पाणी मोजणार कोण? टँकरला जीपीएस असतं, पण ते गाडी कुठे फिरली एवढंच सांगतं, टाकी भरलेली होती की अर्धी, ते नाही. उरते ती नोंदवही. आमच्याकडे आठवडाभराच्या सह्या एका दिवशी, एकाच पेनाने झालेल्या मी स्वतः पाहिल्यात. सही करणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणाली, “नाय म्हणलं आन् उद्या टँकरच नाय आला तर?” तिला दोष कसा द्यायचा? तिच्या पुढ्यात लेकरं आणि रिकामी घागर. तपासणीचा सगळा भार आपण सर्वांत अडलेल्या माणसावर टाकून ठेवलाय.

छावण्यांचा हिशोब तर जनावरांच्या डोक्यावर. 2019 मध्ये सरकार छावणी चालवणाऱ्याला मोठ्या जनावरामागे रोजचे 70 रुपये द्यायचं, पुढे ते 100 पर्यंत वाढवले. वाढ रास्तच होती, चारा महागला होता. पण शंभर जनावरं नुसती कागदावर जास्त दाखवली, तर महिन्याचे तीन लाख होतात. म्हणून बारकोडचे बिल्ले आले, मोबाईलवर स्कॅनिंग आलं. चांगलं झालं. पण बिल्ला जनावर मोजतो, पेंडी मोजत नाही. मी पाहिलेल्या छावणीत वजनकाटाच नव्हता. ट्रॉलीतून ऊस यायचा, मोळ्या अंदाजाने वाटल्या जायच्या, अर्ध्या मोळीत वाळलेलं पाचट. एक म्हातारी कोयत्याने कांडी करत बसली होती, गाईपुढचं पाचट बाजूला सारत म्हणाली, “हे काय खाईल ती?” सरकारी हिशोबात त्या गाईचं पोट भरलेलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. छावणी चालवणाऱ्यांची बिलं महिनोन्महिने अडकतात. पदरचे पैसे घालून लोकांनी जनावरं जगवली आणि नंतर तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. याचा परिणाम काय होतो? एवढा काळ पैसा अडकवून बसण्याची ऐपत असते साखर कारखान्याची, दूध संघाची, पुढाऱ्याच्या संस्थेची. साधा बचत गट किंवा तरुणांचं मंडळ या भानगडीत पडूच शकत नाही. मग ठेका त्याच त्या घरांत फिरतो. भ्रष्टाचारावर भाषणं पुष्कळ होतात, पण बिल वेळेवर देणं हाही त्यावरचा इलाज आहे, हे कुणी बोलत नाही.

2016 चं लातूर आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या पाण्याने माणसं जगली, ती गाडी चालवणाऱ्यांना माझा नमस्कार. पण पुढच्याच महिन्यात रेल्वेचं चार कोटींच्या आसपासचं बिल आलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण काही एप्रिलमध्ये एका रात्रीत आटलं नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. दर आणि ठेके ऑक्टोबरातच उघड निविदेने ठरवा. छावणीत वजनकाटा नसेल तर परवानगी देऊ नका. टँकरच्या खेपा रोज चावडीच्या फळ्यावर लिहा. बिल तीस दिवसांत द्या.

आणि गावकऱ्यांनो, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागच्या टंचाईतली टँकरची नोंदवही मागा. दिली नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्ज कसा लिहायचा ते माहीत नसेल तर मला मेसेज करा, मी लिहून देईन.