त्यापेक्षा इंटर्नशिप केली असती तर…

आज आपल्या पोर्टलंडच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला एका काकांनी माझं डोकं फिरवलं. आमची लेक जपान-अमेरिका स्टुडंट कॉन्फरन्सला, म्हणजे दोन्ही देशांच्या कॉलेजातल्या मुलांच्या परिषदेला, जाऊन आली हे कुणीतरी त्यांना सांगितलं. तर काका श्रीखंडाचा चमचा चाटत म्हणतात, "अख्खा उन्हाळा फुकट घालवला की! त्यापेक्षा इंटर्नशिप केली असती तर रेझ्युमेला तरी लागलं असतं. आणि असल्या परिषदा करून झालं काय? पर्ल हार्बर व्हायचं ते झालंच ना!" सगळे हसले. माझ्या हातात पुऱ्यांचा ट्रे होता म्हणून मी गप्प बसले. आता घरी आलेय, चहा झालाय, लिहिते.

१९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केलाच. मान्य. पुढे?

जपानने १९३१ साली चीनच्या मांचुरियात सैन्य घुसवलं, १९३३ मध्ये राष्ट्रसंघ (तेव्हाची लीग ऑफ नेशन्स) सोडायची घोषणा केली. इकडे अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने जपानी माणसाला दार लावून घेतलेलं. थोरामोठ्यांचं एकमेकांशी फाटत चाललेलं. अशा वेळी जपानमधले चार विद्यार्थी उठले, समुद्र ओलांडून अमेरिकेत आले, इथल्या विद्यापीठांचे उंबरे झिजवले आणि "आमच्याकडे या, समोरासमोर बोलू" म्हणून मुलं गोळा केली. १९३४ साली टोकियोत, आओयामा गाकुइन या शिक्षणसंस्थेत पहिली परिषद भरली. कुठल्याही मंत्रालयाने सांगितलं नव्हतं. आणि दुसरी, १९३५ ची? इथे, आपल्या पोर्टलंडमध्ये, रीड कॉलेजला. काका, पाहुणे आले की तुम्ही त्यांना हौसेने जे कॅम्पस दाखवायला नेता ना, तेच.

लेकीने सहभागी व्हायचं ठरवलं तेव्हा मलाही वाटलं होतं की किमोनो, ओरिगामी, चहाचा समारंभ, ग्रुप फोटो, संपलं. तसलं काही नसतं. एका वर्षी जपान, पुढच्या वर्षी अमेरिका. काही आठवडे सगळे एकत्र राहतात, या गावाहून त्या गावाला जातात, गट पाडून एकेका विषयावर रोज डोकेफोड करतात. आणि पुढच्या वर्षीची परिषद उभी करणारी मंडळी त्याच मुलांमधून, त्यांच्याच मतांनी निवडली जातात. देणगीदारांना पत्रं लिहायची, वक्ते मिळवायचे, विषय ठरवायचे, सगळं विशीतल्या पोरांनी. आपल्या मंडळाची कार्यकारिणी निवडताना काय तमाशा होतो ते आठवा आणि मग बोला.

परिषद संपल्यावर तिच्या गटातला ओसाकाचा एक मुलगा परत जाण्याआधी आमच्याकडे राहिला होता. जेवायला आमटी-भात, बटाट्याची भाजी. कशावरून तरी अणुबॉम्बचा विषय निघाला. लेक म्हणाली, आम्हाला शाळेत शिकवलं की बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं. तो काहीतरी बोलायला लागला, ती मधेच पुढे सुरू. तर त्याने शांतपणे हात वर केला आणि म्हणाला, "टेन सेकंड्स."

लेक गप्प! माझी लेक! जी आम्हाला वाक्य पुरं करू देत नाही, ती.

त्यांच्या गटाने म्हणे नियमच केला होता. एकाचं बोलून झालं की दहा सेकंद कुणी तोंड उघडायचं नाही. कारण सगळं चालतं इंग्रजीत. अमेरिकन मुलं धडाधड बोलून मोकळी होतात आणि जपानी मुलांचं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग तो बोलला, थांबत थांबत. हिरोशिमाबद्दल बोलला, आणि पाठोपाठ, कुणी विचारलेलं नसताना, जपानी सैन्याने चीनमध्ये नानजिंगला केलेल्या कत्तलीबद्दलही. आमच्या पुस्तकात ते फार थोडक्यात उरकलं होतं, म्हणाला. आमच्या ह्यांना तो ताण सोसेना, त्यांनी आमटीचं पातेलं पुढे केलं, "अजून थोडी घे रे." दोघांनी एकदम ह्यांच्याकडे असं पाहिलं की पातेलं मुकाट खाली. दहा सेकंद व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी दोघं मॅक्सच्या, म्हणजे आपल्या शहरातल्या लोकलच्या, यलो लाइनने एक्स्पो सेंटरला गेली. तिथे आपण गाड्यांची प्रदर्शनं बघायला जातो. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, अमेरिकन सरकारने त्याच जागी, जनावरांच्या प्रदर्शनाच्या शेडमध्ये, साडेतीन हजारांहून जास्त जपानी वंशाच्या माणसांना कोंडलं होतं. स्टेशनवर जपानी देवळांपुढे असतात तशा लाकडी तोरी कमानी आहेत, त्यांना धातूचे बिल्ले टांगलेत. त्या माणसांच्या गळ्यात ओळखीचे कागद अडकवले होते ना, त्याची आठवण म्हणून. वारा आला की वाजतात. इतकी वर्षं इथे राहून ते बिल्ले नीट पाहिलेला एक मराठी माणूस मला माहीत नाही. ओसाकाचा मुलगा पाहून गेला.

आता काका म्हणतील, पण उपयोग काय? उपयोग हवाय? घ्या. १९३९ च्या परिषदेला टोकियोचा कायद्याचा एक विद्यार्थी अमेरिकेत आला होता. किइची मियाझावा. पुढे १९९१ मध्ये जपानचा पंतप्रधान झाला. अमेरिकेचे अध्यक्ष मोठे बुश टोकियोच्या मेजवानीत त्याच्याच अंगावर ओकले आणि त्यानेच त्यांचं डोकं मांडीवर धरलं, तो हाच. बायकोही त्याला या परिषदेतच भेटली. (हे वाचून काही आया आत्ताच अर्ज शोधतील, मला माहीत आहे.) पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले किसिंजरही १९५१ च्या परिषदेत होते. हो हो, १९७१ च्या बांगलादेश युद्धात ते भारताच्या विरोधात होते हे मलाही आठवतं. परिषदेला गेलं म्हणून माणूस सुधारतोच असं नाही, एवढं लिहून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी ते घेऊन बसायला नको.

आणि हेही खरं की तिथे जाणारी मुलं बहुतेक खात्यापित्या घरची असतात. उन्हाळ्यात पिझ्झा शॉपमध्ये काम केल्याशिवाय ज्याची फी निघत नाही त्याला हे कुठून जमणार? ठीक. पण तो पोरगा हे बोलला असता तर मी ऐकलं असतं. काकांचे दोन्ही नातू रोबोटिक्स कॅम्पला जातात.

मला चीड येते ती त्या "रेझ्युमेला लागलं असतं"ची. पोरांनी वेगळ्या मताच्या माणसाला समोर बसवून भांडावं, पुरतं भांडावं आणि तरी एका ताटात जेवावं, हे आपल्याला वेळ फुकट घालवणं वाटतं? आपण काय करतो? फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकतो, उलट उत्तर आलं की ग्रुप सोडतो. माझ्या सख्ख्या आत्तेभावाशी मी गेल्या निवडणुकीपासून बोललेले नाही. ते दोघं मात्र अजून व्हिडिओ कॉलवर तावातावाने भांडतात, जपानमधल्या ओकिनावाच्या अमेरिकन लष्करी तळांवरून. परवाच ऐकलं. मधेच शांतता झाली, मला वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं.

युद्धाच्या काळात परिषद बंद पडली, १९४७ मध्ये पुन्हा भरली. हरलेल्या, जळलेल्या देशात. काकांना कुणीतरी हे वाचून दाखवा, ते माझ्या पोस्ट वाचत नाहीत.

ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांच्यासाठी: जपानी यायलाच हवं असं नाही, विषय कुठलाही चालतो. प्रश्न असतील तर मला इनबॉक्स करा, लेकीशी बोलणं करून देईन. इंटर्नशिपच्या लिंक पाठवू नका.